गोड निरोप

"सगळं खाली उतरवा," पाळक इनोके म्हणाले. "वाईदामूवाले म्हणतात, आम्हाला काही नको. येऊच नका."

चर्चच्या अंगणात कुणी जागचं हललं नाही. ट्रक गळ्यापर्यंत भरला होता. तांदूळ, पीठ, माशांचे डबे, रॉकेलचे स्टोव्ह, चिखल उपसायची फावडी. शिवाय लावणीसाठी दालोची, म्हणजे तिथल्या अळकुडीची, रोपं, कारण पुराने वाईदामूचे सगळे मळे धुऊन नेले होते. डोंगरावरचं नादेलाना काही श्रीमंत गाव नाही, पण एकाही घराने हात आखडता घेतला नव्हता. चर्चच्या महिला मंडळाची प्रमुख तोरिका सकाळपासून त्या ट्रकभोवती असल्या तोऱ्यात फिरत होती की विचारू नका.

"येऊ नका म्हणजे काय?" ती कडाडली. "गुडघाभर चिखलात बसून एवढा माज?"

"माज म्हणा नाहीतर काही म्हणा. त्यांच्या प्रमुखाने नको म्हटल्यावर आपण गावात पाऊल कसं टाकायचं?"

ते खरंच होतं. फिजीत न बोलावता कुणाच्या गावात घुसता येत नाही, मदत करायलासुद्धा नाही.

तोरिकाची मुलगी उनाइसी लग्न होऊन वाईदामूतच गेली होती. कडेवर तान्हं बाळ. पूर आल्यापासून फोनवर नुसतं "हो आई", "बरं आई", याच्यापुढे शब्द नाही. अहो, ही तीच पोर, जिच्या तोंडाला अख्खं नादेलाना टरकून असायचं! ती अशी मुकी झाली तर आईने काय समजायचं?

तिने तिथल्या तिथे पोरीला फोन लावला आणि आवाज मोठा केला, सगळ्यांना ऐकू जावा म्हणून.

"काय गं, तुमच्या म्हाताऱ्या आपिसालोमेला झालंय तरी काय?"

"काही नाही आई. काल तुमचा निरोप ऐकला आणि घरात जाऊन बसले. गावप्रमुख आहेत, कोण काय बोलणार? मला एवढंच विचारलं, हा निरोप खरंच तुझ्या आईचा आहे का गं?"

निरोप तोरिकाचाच होता. पाळकांच्या फोनवरून तिनेच तो मोठ्या मायेने सांगितला होता. 'वाईदामूच्या आदरणीय बंधुभगिनींनो, आपल्या दुःखात आम्ही नम्रपणे सहभागी आहोत. आमची अल्पशी भेट कृपया स्वीकारावी.' ऐकताना मंडळाच्या बायकांनी डोळे पुसले होते.

आत्ता मात्र तोरिकाने काडकन कपाळावर हात मारून घेतला.

"अगं बाई! आदरणीय म्हटलं मी त्यांना! कृपया म्हटलं!"

ही दोन गावं एकमेकांची तौवू. दोघांचा मूळपुरुष एकच, म्हणून पिढ्यान् पिढ्या नातं थट्टेचं. वाईदामूवाल्याने नादेलानात यावं, दिसेल त्याला शिव्या घालाव्यात, चुलीवरचं भांडं उचलून चालू पडावं, आणि घरच्यांनी हसत हसत त्याला दुप्पट शिव्या द्याव्यात. दुसऱ्या कुणी असं केलं तर डोकी फुटतील. तौवूने केलं नाही तर मन दुखतं. आदरणीय आणि कृपया हे परक्यांसाठी! एवढं मोठं संकट, थट्टा कशी करायची, म्हणून कुणाची जीभ रेटली नाही, आणि नेमकं तेव्हाच आपल्या माणसांना परकं करून टाकलं. मग परक्यांची भीक कोण घेईल?

"जा, फोन त्या म्हाताऱ्याच्या हातात दे," तोरिका म्हणाली.

"आई, ते बोलायचे नाहीत."

"नको बोलू म्हणावं. नुसतं ऐक."

चिखलात रुतणाऱ्या पावलांचा आवाज आला. मग एक खाकरणं. तोरिकाने कमरेवर हात ठेवला.

"ए बेडकांच्या राजा! नदीला घरात बोलावलंत, आपल्या गाद्यांवर झोपवलंत, आणि आता पाहुणी गेल्यावर तिची घाण काढायचा कंटाळा येतो होय? आळशांनो! आम्ही येतोय. आणि ट्रकमधल्या एका जरी डब्याला हात लावलास ना, तर दाढी उपटून तिचा झाडू करीन!"

पाळकांनी डोळे मिटून घेतले. पलीकडून काही नाही. संपलं, तोरिकाला वाटलं. आता पोरीचं तोंड दिसायचं नाही.

मग फोनमधून आवाज आला. आधी वाटलं खोकला, मग वाटलं रडणं. म्हातारा हसत होता.

"कुठे मेली होतीस गं चेटकिणी?" आपिसालोमे म्हणाला. "घरं गेली, मळे गेले. काल ते गोड गोड ऐकलं आणि म्हटलं, आता नादेलानाही गेलं."

"येऊ ना रे?" तोरिकाने विचारलं.

"या की, वाघळांनो! ट्रकला कुलूप तेवढं लावू नका. आणि थांब, ठेवू नकोस. गावाला काही बोलायचंय."

आणि सगळं वाईदामू एकदम तुटून पडलं. म्हातारे, बायका, पोरंटोरं. नादेलानाच्या डोंगराला शिव्या, तिथल्या माणसांच्या नाकांना शिव्या, चर्चमधल्या गाण्याला शिव्या. त्या सगळ्या कल्लोळावर एक खणखणीत आवाज चढला.

"नादेलानाचा उकडलेला दालो आमची डुकरंसुद्धा हुंगून सोडून देतात! आणि सगळ्यांत भिकार उकडते ती तुमच्या महिला मंडळाची प्रमुख!"

अंगण हसून हसून लोळायला आलं. तोरिकाला समोरचं काही दिसेना, डोळे इतके भरले होते. तिने फोन पाळकांच्या कानाशी नेऊन धरला.

"ऐका पाळकसाहेब, नीट ऐका," ती म्हणाली. "माझी पोर आहे ती!"