काच पुसणारा हात

मृणाली पडद्यावर दिसली आणि खोलीतला गलका एकदम बंद झाला. तिच्या कपाळाला पट्टी होती. मागे कोसळलेली इमारत, आणि वाऱ्यावर उडणारी करडी धूळ.

"हाईच ना आपला प्रशीलसंगेनी?" शेजारच्या लीलाधरभाऊंनी विचारलं.

साक्षीने मान हलवली. मृणाली प्रशीलच्या चॅनेलची बातमीदार. ती बोलायची आणि साक्षीचा नवरा कॅमेरा खांद्यावर घेऊन तिला जगाला दाखवायचा. पहाटे त्या परक्या देशात पत्रकारांच्या गाड्यांशेजारी रॉकेट पडलं होतं. तेव्हापासून प्रशीलचा फोन लागत नव्हता. साक्षीने मुंबईच्या ऑफिसात फोनवर फोन केले, तर तिथला माणूस पाठ केल्यासारखा एकच वाक्य म्हणत होता, "टीम सुखरूप आहे, मॅडम." टीम म्हणजे कोण, ते काही सांगेना. एक नाव घ्यायला काय त्याची जीभ झडत होती?

सासू, झुंबरबाई, टीव्हीला नाक लागेल इतकी पुढे बसली होती. डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला, त्यामुळे पारोळ्याच्या त्या घरात तिची जागा ठरलेलीच होती. लोकांची मुलं टीव्हीवर दिसतात. हिचा मुलगा टीव्हीत नोकरीला, आणि हिला तो कधी दिसला नाही. दिसायचा फक्त हात. थेट बातमी चालू असताना प्रशील एकदा तरी फडकं घेऊन कॅमेऱ्याची काच पुसायचा, धूळ असो वा नसो. क्षणभर पडद्यावर अंधार व्हायचा आणि काठाला उजव्या हाताचा अर्धा अंगठा दिसायचा. उरलेला अर्धा लहानपणीच कडबाकुट्टीत गेला होता. तेव्हा झुंबरबाईने आकाशपाताळ एक केलं होतं. आता त्याच अर्ध्या अंगठ्यावर तिचा जीव तगून होता.

"काच पुसली की समज, मी बरा आहे. आईला सांग," पहिल्यांदा परदेशी जाताना तो साक्षीला म्हणाला होता. या खोडीपायी त्याने साहेबांची बोलणीही खाल्ली, पण खोड सोडली नाही.

मृणाली बोलत होती. किती गेले, किती सापडत नाहीत. साक्षीच्या कानात त्यातला एक शब्द शिरत नव्हता. पुस ना रे, ती मनातल्या मनात ओरडत होती. एकदा पुस. पुन्हा कधी तुला जाऊ नको म्हणणार नाही, कधी भांडणार नाही, पण पुस.

पडद्यावर अंधार झाला. फडकं फिरलं. काठाला अंगठा आला.

पुरा होता. नखासकट.



"पुशी का काच?" झुंबरबाईने मागे न वळता विचारलं. ती नेहमीच विचारायची.

"हो, आई. पुसली."

खोटं बोलताना आपला आवाज इतका सरळ कसा निघाला, याचं साक्षीलाच नवल वाटलं.

"आते नाव ली ती, दखा," पडद्याकडे बोट दाखवत लीलाधरभाऊ सरसावून बसले. बातमी संपवताना मृणाली दर वेळी एकच वाक्य म्हणायची. गल्लीतल्या सगळ्यांना ते तोंडपाठ होतं.

"कॅमेरामन प्रशील बिऱ्हाडेसह, मी मृणाली..."

ती थांबली. तोंड तसंच उघडं राहिलं. कॅमेरा धरून उभ्या असलेल्या माणसाकडे तिने पाहिलं आणि तिचा चेहरा विस्कटला. लगेच स्टुडिओतला निवेदक आला आणि बाजारभावांच्या चढउताराविषयी बोलू लागला.

पण ते बघायला कोण शुद्धीवर होतं? नाव ऐकताच खोली उसळली.

"लिधं! नाव लिधं ना तिनी!" लीलाधरभाऊंच्या डोळ्यांत पाणी आलं. "पोऱ्या बरा शे, झुंबरअक्का! उगाच जिवले घोर लाई लिधा व्हता बठ्ठासनी!"

बायका साक्षीच्या गळ्यात पडल्या. कोणी देवाचं नाव घेतलं, कोणी भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या फोटोला हात जोडले, कोणी चहा टाकायला आत गेलं. सवयीने घेतलं हो नाव, साक्षीला सांगायचं होतं. रोजच्या सवयीने तिच्या तोंडून निघून गेलं. पण एवढ्या माणसांचा आनंद मोडायची ताकद तिच्यात नव्हती. ती नुसती मान हलवत राहिली आणि चहा घेत राहिली.

हळूहळू सगळे आपापल्या घरी गेले. टीव्हीवर तीच बातमी पुन्हा लागली होती. या वेळी शेवटचं वाक्य कापलेलं होतं. साक्षीला ते सहन होईना. तिने रिमोट उचलला.

झुंबरबाईने तिचं मनगट धरलं.

"अंगठा पुरा व्हता," ती म्हणाली.

साक्षी तिथेच खाली बसली. सकाळपासून धरून ठेवलेलं रडू आता कशालाच जुमानेना. झुंबरबाईने तिचं डोकं मांडीवर ओढून घेतलं, पण स्वतःची नजर पडद्यावरून काढली नाही. अंधार झाला. फडकं फिरलं. परका अंगठा काठाला आला आणि गेला.

"ऱ्हाऊ दे चालू," ती म्हणाली. "हाऊ बी कोना तरी पोऱ्या शे. त्यानी माय दखत व्हई."