आईचा डोंगर

"रविवारी माझी आई वाट दाखवेल. हा डोंगर तिला तोंडपाठ आहे."

करिष्मानं जव्हारच्या ट्रेकिंग ग्रुपवर तसा मेसेज टाकला होता, आणि वाट खरंच कुठे चुकली नाही. चपला हातात घेतलेली तिची आई चिमी पुढे आणि धापा टाकणारे मागे, असे सगळे दुपारी माथ्यावर पोचले.

मग प्रश्न सुरू झाले.

"मावशी, तो समोरचा सुळका कोणता?"

"नाय ठाव."

"आणि त्याच्या पायथ्याचं गाव?"

"त्ये पण नाय ठाव."

कोणीतरी हसलं. करिष्माचे कान तापले.

"आई, लग्न झाल्यापासून इथं येतेस ना तू? मग एवढंही माहीत नाही?"

"येते ना, लाकडांना. चढताना अंधार असतो, उतरताना डोक्यावर मोळी. मान वळवली का मोळी कलंडते."

तेवढ्यात खाली उतरायची शिट्टी झाली. करिष्मानं शिट्टीवाल्या दादाला हातानंच थांबवलं. मग आईच्या खांद्यांना धरून तिनं तिला सावकाश चारी दिशांना वळवलं.