मेणाचा हात

साच्याची कड धरून लेकीने आधी हलकेच ओढलं, मग जरा जोर लावून. आतला चेहरा सुटेना. तिने कडेला नख घालून पाहिलं. साचा कुठे संपतो आणि चेहरा कुठे सुरू होतो, ते नखाला कळतच नव्हतं.

सिलिकॉन सहसा कशाला चिकटत नाही, सिलिकॉनला मात्र चिकटतं. म्हणून सिलिकॉनच्या साच्यात सिलिकॉनचा चेहरा ओतण्याआधी आतून मेणाचा एक पातळ हात फिरवायचा. बाबांनी हे तिला ती फ्रॉक घालत होती तेव्हाच शिकवलं होतं, पण मेणाचा ब्रश आजवर तिच्या हाती दिला नव्हता. ते काम त्यांचं. कालही "मेण झालंय, ओत तू," असं त्यांनीच सांगितलं होतं.

आता सिनेमातल्या मेलेल्या म्हातारीचा चेहरा साच्याशी एकजीव होऊन बसला होता. मातीचं मूळ डोकं तर साचा काढतानाच मोडलेलं. एकेक सुरकुती कोरण्यात घातलेला महिना पाण्यात गेला. त्यात सिनेमावाल्यांचा माणूस चेहरा न्यायला बाहेरच्या खोलीत येऊन बसलेला. गेल्या खेपेला एक डोळा तपकिरी आणि एक घारा निघाला, तेव्हाच त्याने तिला बाजूला घेऊन बजावलं होतं, की पुन्हा असं झालं तर बाबांना घरी बसवा, नाहीतर काम दुसरीकडे जाईल. घरी बसून बाबा चार महिनेही काढणार नाहीत, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

बाबा आले, वाकले, कडेवरून अंगठा फिरवला. चष्मा पुसून पुन्हा फिरवला.

"मेण कोणी लावलं होतं?"

दार उघडंच होतं. बाहेर पेपर चाळण्याचा आवाज थांबला.

"मी लावते म्हटलं होतं, बाबा," ती बाहेर ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाली. "साफ विसरले."

बाबा तिच्याकडे बघत राहिले. कालचा दिवस कुठेतरी ठेवलाय आणि आता सापडत नाही, असा त्यांचा चेहरा झाला होता. तिला बघवेना. मग एकदम त्यांचा आवाज चढला. इतकी वर्षं घसा कोरडा केला तो काय भिंतींसाठी, लक्ष असतं कुठे, उद्या हे सगळं कोणाच्या भरवशावर सोडायचं. चांगली दहा मिनिटं त्यांनी तिची बिनपाण्याने केली. कितीतरी दिवसांनी ते असे सलग, न अडखळता बोलत होते. ती मान खाली घालून ऐकत राहिली आणि रडू फुटू नये म्हणून ओठ चावत राहिली.

सिनेमावाला दारात आला. आणखी महिनाभर देतो म्हणाला, आणि या वेळी बाबांनाच करू द्या, असं वर तिलाच सुनावून गेला.

तो गेला तसं बाबांनी खिशातलं पेन काढलं, टोपण डाव्या मुठीत धरलं.

"हात ठेव इथे."

टेबलावर उताण्या ठेवलेल्या तिच्या तळव्यावर त्यांनी पोरांना काढून देतात तशी ठसठशीत अक्षरं काढली. मेण लावणे.

"आता नाही विसरणार," ते म्हणाले, आणि टोपण बसवायला मूठ उघडली. त्यांच्या तळव्यावर तेच दोन शब्द होते. कालचे, घामाने फिके झालेले.