मेणबत्तीविना

"हा हात आता लाकूड झालाय, झिल्के. जन्मभर लाकूड कोरलं, त्याचं हे बक्षीस," ट्राउगोट लेकीला म्हणाला. पक्षाघाताच्या झटक्यानंतर त्याच्या उजव्या हाताला काहीच कळत नव्हतं. कारखान्याच्या दारावर त्याने 'विकणे आहे'ची पाटी लावली होती.

झिल्केने त्यानेच घडवलेला नाताळचा वीतभर मनोरा समोर ठेवला. मेणबत्त्यांच्या उष्णतेने त्याची वरची पाती फिरत आणि खालचे लाकडी खाणकामगार चालू लागत.

"मेणबत्त्या विसरलीस."

"नाही, बाबा. आता फुंकर मारायची नाही हं."

बाही धरून तिने त्याचा उजवा हात पात्यांखाली नेला. दोघांनी श्वास रोखले. कागदासारखी पातळ पाती हळूच थरथरली आणि कंदीलवाला खाणकामगार चालू लागला. त्याच्यामागून बाकीचेही निघाले.

ट्राउगोटने वाकून पात्यांखालच्या आपल्या तळहाताकडे पाहिलं.

"आत अजून काम चालू आहे तर," तो पुटपुटला. "ती पाटी उतरव."