गेटाचं गाऱ्हाणं

गेट टेम्पोतून उतरलं ते भाऊराव आपल्या दारातून बघत राहिले. चांगलं दणकट, लोखंडी, हिरव्या रंगाचं. ते बसणार होतं गल्लीच्या तोंडाशी, आणि गल्ली तर दोघांची. पुढचं घर सुबोधचं, मागचं भाऊरावांचं, मधून एक गाडी जेमतेम जाईल एवढी वाट. ही वाट कोणाची, असं घाटकोपरच्या त्या वाडीत कुणालाही विचारा. दोघांच्या बापांची, असंच सांगतील.

सुबोधने नवी कार घेतली आणि तिच्यावर कोणीतरी ओरखडा काढला, एवढंच निमित्त. आता रोज रात्री गेटाला कुलूप लागणार आणि चावी सुबोधकडे राहणार.

"मग माझी रिक्षा?" भाऊरावांनी त्याला विचारलं होतं. "मी पहाटे एअरपोर्टच्या भाड्याला निघतो. तुला काय ठाऊक नाय?"

"आम्ही उठलो की उघडू ना, काका. तोवर जरा थांबायचं."

"एक चावी मला देऊन ठेव."

"दोन घरांत चावी गेली तर कुलूप कशाला लावायचं, यार?"

काकाला यार म्हणाला. ते भाऊरावांना लागलंच, पण खोटं कशाला बोला, चावीचं जास्त लागलं. पहाटेची भाडी गेली की रिक्षावाल्याला दिवसभर उरतं काय? स्टेशनबाहेरच्या रांगेत उभं राहून डुलक्या काढायच्या.

तर आता गेट भिंतीला टेकून उभं होतं, वेल्डरने वायरी जोडल्या होत्या, आणि काम अडलं होतं. सुबोधची आई अंजनाबाई हटून बसली होती. देवाला नारळ ठेवून गाऱ्हाणं घातल्याशिवाय हात लावायचा नाही म्हणजे नाही. गाऱ्हाणं हे भटजीचं काम नव्हे. आपल्यातल्याच जाणत्या माणसाने हात जोडून, आपल्या मालवणीत, देवाला सांगायचं की आज आम्ही हे असं करतोय, तू राखण कर. आणि जमलेल्यांनी वाक्यावाक्याला 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. आणि सुबोधचे वडील गेल्यापासून वाडीत न अडखळता गाऱ्हाणं घालणारा माणूस एकच उरला होता, भाऊराव. सुबोधच्या लग्नात त्यांनीच घातलं होतं. त्या कारचंसुद्धा त्यांनीच घातलं होतं.

अंजनाबाई मागच्या घराच्या दारात येऊन उभी राहिली. नजर खाली.

"भावजी, गाऱ्हाणा तुमीच घालूक होया."

ती वळल्यावर आतून भाऊरावांची बायको वनमाला कडाडली, "जाव नकात. आपल्याच गळ्याक दोरी बांधूक जातास?"

"देवाच्या कामाक नाय म्हणूक येता काय?"

असं म्हणाले खरे, पण भाऊराव उठले, परत बसले, तांब्याभर पाणी प्यायले. शर्टाची बटणं खालीवर लावली, ती सोडून पुन्हा लावली. डोक्यात भलतंच घोळत होतं. बोलणारे आपण, ऐकणारा देव. मध्येच दोन शब्द सरकवले, या कुलपाला गंज चढू दे म्हाराजा, तर कोण तोंड धरणार आहे? सुबोधच व्हय म्हणून मोकळा होईल. जिरेल त्याची.

सुबोधने गेटाच्या पायाशी नारळ ठेवला. वाडीतली चार माणसं जमली. भाऊरावांनी डोळे मिटले.

"बा देवा म्हाराजा…"

"व्हय म्हाराजा."

"आज ह्या लेकरान तुका नारळ ठेवल्यान हा, तो मान्य करून घे म्हाराजा…"

"व्हय म्हाराजा."

"काय चुकला माकला आसात, ता पदरात घे म्हाराजा…"

"व्हय म्हाराजा."

इथेच गंज घालायचा होता. पण जीभ त्यांना विचारायला थांबलीच नाही. जन्मभराची सवय, ती आपली सुटली. तिने सुबोधची भरभराट मागितली, त्याच्या आईचं आयुष्य मागितलं, कारवर देवाची नजर मागितली. सगळ्यांत मोठा आवाज सुबोधचाच निघत होता. आणि त्याच ओघात, प्रत्येक नव्या दाराला म्हणतात ते वाक्यही तिने म्हणून टाकलं.

"जो कोणी ह्या घराच्या वायटावर आसात, तेका ह्या दारातसून भितुर येवक देव नको म्हाराजा…"

कोणीच व्हय म्हणालं नाही.

भाऊरावांनी डोळे उघडले. सगळे त्यांच्याकडेच बघत होते. वाडीतल्या निम्म्या उंबरठ्यांवर त्यांनी हे वाक्य म्हटलं होतं, आजवर कोणी मान वळवून पाहिलं नव्हतं. पण आज वाईट चिंतणाऱ्याला अडवायच्या या दाराच्या आत त्यांचं स्वतःचं घर होतं, आणि गेटावरून त्यांचं सुबोधशी वाजलंय हे सगळ्यांना ठाऊक होतं. शब्द परत घेता येत नाही. आणि समोरून व्हय आल्याशिवाय गाऱ्हाणं पुढे जात नाही.

सुबोधने आईकडे पाहिलं. अंजनाबाईने पदर तोंडाशी धरला होता.

"शेठ, शुरू करूँ?" वेल्डरने विचारलं. त्याला बिचाऱ्याला यातलं काहीच कळलं नव्हतं.

"रुक जरा," सुबोध म्हणाला.

मागून चपला वाजल्या. वनमाला येत होती. माणसांना बाजूला सारत ती नवऱ्याच्या शेजारी येऊन उभी राहिली, डोक्यावरून पदर घेतला आणि गेटासमोर हात जोडले.

"व्हय म्हाराजा," ती म्हणाली. मग सुबोधकडे वळली.

"तू म्हण रे बाबू. आमका कसली भीती?"