मावसभाऊ

पद्मजानं चार ताटं मांडली, तसा डेल म्हणाला, “वहिनी, तीनच मांडा. वेई येणार नाही.”

सौदीतल्या जुबेलमध्ये चारुदत्त-पद्मजाच्या फ्लॅटवर शुक्रवारचं जेवण ठरलेलं. चारुदत्त, अमेरिकन डेल आणि चिनी वेई, तिघेही एकाच प्लँटवर इंजिनिअर. डेलचं गाव आणि वेईचं शहर ही दोन्ही नगरपालिकांनी मैत्रीचा करार करून जोडलेली ‘भगिनी शहरं’ आहेत, हे कळल्या दिवशीच पद्मजानं दोघांना मावसभाऊ करून टाकलं होतं. बहिणी-बहिणींची मुलं, दुसरं काय म्हणणार!

बुधवारी बातमी आली. डेलच्या गावच्या नगरपालिकेनं ते नातं मोडलं होतं. तेव्हापासून डेल वेईला चुकवत होता. प्लँटवर दोघांत एक शब्द झाला नव्हता.

“लहानपणी शाळेच्या बँडबरोबर गेलो होतो वेईच्या शहरात,” डेल ताटाकडे बघत म्हणाला. “इतकं बेसूर वाजवलं मी, तरी लोक टाळ्या वाजवत होते. ज्या घरी उतरलो होतो, तिथल्या बाईनं रात्री माझे भिजलेले मोजे शेगडीवर वाळवले. आता कुठल्या तोंडानं बोलू वेईशी?”

चारुदत्तनं वरणभातात हात घातला. पद्मजानं डोळे वटारले.

“सगळे पानावर आल्याशिवाय आपल्याकडे घास उचलत नाहीत. डेलभावजी, बोलवा त्याला.”

“अगं, भूक लागलीय डेलला,” चारुदत्त म्हणाला.

“मग लवकर फोन करतील.”

एसीत भातावरचं तूप थिजायला लागलं. पद्मजा हाताची घडी घालून बसली होती. ती हटणार नाही, हे एवढ्या शुक्रवारांत डेललाही कळलेलं होतं. शेवटी त्यानं फोन लावला. “तू आल्याशिवाय वहिनी मला जेवू देत नाहीयेत,” एवढंच बोलला.

वेई खालच्याच मजल्यावर राहायचा. घरातल्या सपाता घालूनच वर आला. डेल उठून उभा राहिला.

“वेई, तुझ्या गावात आता आमचं कुणी नावही घेणार नाही.”

वेईनं ताठ बसून ताट पुढे ओढलं. पद्मजानं त्याच्या भातावर गरम वरण घातलं.

“काल आईला फोन केला,” तो म्हणाला. “मावशीची वाट बघत होती. म्हणाली, मघापासून अमेरिकेखाली उभी आहे.”

“अमेरिकेखाली?”

“स्टेशनसमोरचं मेपलचं झाड. तुमच्या गावानं दिलेलं. तुमच्या गावाच्या नावाची पाटी काढली परवा. पण आमच्याकडे सगळे त्याला अमेरिकाच म्हणतात. कुणाला भेटायचं असलं, की म्हणायचं, अमेरिकेखाली थांब.”

डेल हळूच खाली बसला.

“उन्हाळ्यात तर,” पहिला घास घेत वेई म्हणाला, “तिथे उभं राहायला जागा मिळत नाही.”