बैलाने ठोकलेलं दार

"ऐकून कुणाचा विश्वास बसायचा नाही," मास्तर म्हणाले, "आणि बसूही नये. माझ्या डोळ्यांदेखत घडलं नसतं, तर सांगणाऱ्याला मी हाताला धरून घरी पोचवला असता."

गॅरेजच्या तोंडाशी पालथ्या डब्यावर टेंपोवाला बसला होता. त्याच्या ब्रेकचं काम लांबलं होतं, त्यामुळे कान मोकळे होते. मिस्त्री मास्तरांच्या गाडीशी उकिडवा बसून उजव्या दाराची सुतळी सोडवत होता. दार लागत नव्हतं, म्हणून मास्तरांनी ते बांधून आणलं होतं. मिस्त्री काम करताना बोलत नसे.

"काल सकाळी सिग्नल लाल झाला. मी थांबलो. लाल दिव्याला थांबणारा या गावात मी एकटाच, असा आपला माझा समज. शेजारी बघतो तर बैल. पांढऱ्या पट्ट्याच्या चार बोटं अलीकडे उभा."

"त्यालाही तुम्हीच शिकवला असेल," टेंपोवाला म्हणाला. तोही मास्तरांच्याच हाताखाली गाडी शिकला होता.

"तुझ्याआधी पास झाला असता. क्लच सोडायला त्याला तीन महिने लागले नसते."

टेंपोवाला खिदळला. मास्तरांची नजर मात्र दारावर पडणाऱ्या मिस्त्रीच्या हातोडीवर होती.

काल सकाळी सिग्नलही नव्हता आणि बैलही नव्हता. औषधांच्या दुकानासमोर मास्तरांनी गाडी उभी केली आणि दार उघडलं, इतकंच. चाळीस वर्षं ते शिकणाऱ्याच्या डाव्या हाताला बसत आले होते. त्यांचं दार उघडायचं ते फुटपाथवर. तिकडून काय येणार? निवृत्त झाल्यावर ते उजवीकडे बसायला लागले, पण हात जुन्या सवयीने दार ढकलून मोकळा व्हायचा. मागून सायकलवर पेपरवाला येत होता.

रस्त्यावर दुसरं कुणी नव्हतं. मास्तरांनीच त्याला उचलून दवाखान्यात नेलं. विचारलं तेव्हा म्हणाले, रस्त्यात पडलेला दिसला. हे वाक्य तोंडात कुठून आलं, त्यांचं त्यांनाच कळलं नाही. डॉक्टरांनी तसं लिहून घेतलं. पेपरवाल्याची बायको धावत आली. तिने आधी मास्तरांना हात जोडले. "काका, तुम्ही होतात म्हणून." मग बेशुद्ध नवऱ्याच्या उशाशी वाकून म्हणाली, "किती वेळा सांगितलं, सावकाश चालवत जा. ऐकलंत कधी माझं?"

तो अजून शुद्धीवर आला नव्हता. दार सरळ झालं, की चूक त्याचीच राहणार होती.

"पुढे काय झालं?" टेंपोवाल्याने विचारलं.

"पुढे काय व्हायचं? मागच्या जीपवाल्याने हॉर्नवर पंजा ठेवला. दिवा लाल, पुढे बैल, तरी हा वाजवतोय. हॉर्न दाबला की दिवा हिरवा होतो अशी यांची समजूत. एक बाई स्कूटरवरून डावीकडून घुसली, फोन खांद्यात, मान वाकडी. समोरून एक रिक्षा उलट्या बाजूने आली आणि वर मलाच विचारते, दिसत नाही का. बैलाने पाच मिनिटं सोसलं. मग सावकाश मागे वळला. एकेकाच्या तोंडाकडे बघायला लागला, कोण वाजवतंय म्हणून."

"आणि?"

"सगळ्यांनी हॉर्नवरचा हात काढला आणि माझ्याकडे बोट केलं."

टेंपोवाला मांडीवर थाप मारून हसला. हसता हसता त्याला काहीतरी आठवलं. "तो पेपरवाला मात्र वाचायला हवा, मास्तर. आमच्या गल्लीत टाकतो ना पेपर. पण या सायकलवाल्यांना सांगणार कोण? हँडल सोडून काय चालवतात, मधूनच काय वळतात. आपटला स्वतःच्या कर्माने. तुम्ही उचललंत म्हणून निदान दवाखाना तरी दिसला."

मास्तर बाटलीतलं पाणी प्यायले. झाकण लावायला त्यांना वेळ लागला.

"हं," ते म्हणाले. "तर बैल. चांगला वीस पावलं मागे गेला. शिंगं खाली घातली. मी काच वर करून आत बसलेलो, दार घट्ट लावलेलं. म्हटलं, बाबा रे, मी हॉर्न वाजवत नाही, माझा तर गेली दोन वर्षं बिघडलेला आहे. पण त्याला कुठलं पटायला? आला तो थेट या दारावर."

हातोडीचा आवाज थांबला होता. मिस्त्री दाराच्या मागच्या कडेवरून, कुलूप असतं तिथून, अंगठा फिरवत होता. कड पुढच्या बाजूला दुमडली होती. त्याने मग बिजागरी बघितली. ती जायला हवी त्याच्या पलीकडे वाकून उसवली होती. त्याने दार हळूच लोटून बंद करायचा प्रयत्न केला. तीन बोटांची फट राहिली.

"बैलाचं बोला, मास्तर," टेंपोवाला म्हणाला. "मेला की पळाला?"

"दार बंद असलं की ही कड आत असते," मिस्त्री म्हणाला. तो टेंपोवाल्याकडे बघत नव्हता. "शिंग लागेल कसं इथे?"



मिस्त्रीने फडक्याला हात पुसले, एकेक बोट करून. हातोडी उचलली नाही.

"उघडण्याआधी मागे बघितलं होतंत का, मास्तर?"